‘प्रवेश नाही’, एवढंच लिहायचं?

रायपूरच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजची लॅब घ्या. कॉम्प्युटर पन्नास-साठ, पण इंटरनेटकडे जाणारी वाट एकच, आणि त्या वाटेवर प्रॉक्सी सर्व्हर बसलेला. विद्यार्थ्याने पत्ता टाकला की मागणी आधी प्रॉक्सीकडे जाते. तो साइट आणून देतो, नाहीतर अडवतो. अडवल्यावर पडद्यावर जे पान येतं, ते त्या साइटचंही नसतं आणि ब्राउझरचंही नसतं. प्रॉक्सीच्या पोटात आधीपासून भरून ठेवलेलं ते पान असतं. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आणि खाली इंग्रजीत चार ओळी.

ही पानं बदलता येतात, पण फारसं कुणी बदलत नाही. १९९६पासून मोफत मिळणाऱ्या ‘स्क्विड’ या प्रॉक्सीत प्रत्येक अडचणीसाठी वेगळी फाइल असते: परवानगी नाही, साइटचं नाव सापडत नाही, समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही. आत साधं एचटीएमएल आणि मधेमधे टक्क्याचं चिन्ह लावलेली अक्षरं. टक्क्यापुढे कॅपिटल ‘यू’ असेल तिथे मागितलेला पत्ता येतो, ‘आय’ असेल तिथे मागणाऱ्या कॉम्प्युटरचा आयपी, ‘डब्ल्यू’च्या जागी व्यवस्थापकाचा ईमेल. छापील निमंत्रणपत्रिकेवर नावाची जागा कोरी सोडावी, तसा हा प्रकार.

मूळ फाइलींना मात्र हात लावू नये. पुढच्या अपग्रेडमध्ये सगळी मेहनत पुसली जाण्याची भीती असते. त्यांची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढायची आणि सेटिंगच्या फाइलीत त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. यात एक अडचण आहे. एरवी स्क्विड ब्राउझरची पसंतीची भाषा पाहून त्या भाषेतलं पान निवडतो. स्वतःचं फोल्डर दिलं की ही निवड बंद पडते. स्क्विडच्या मूळ संचात मराठी किंवा छत्तीसगढी नाहीच, त्यामुळे रायपूरच्या लॅबचं यात फार नुकसान नाही. सरळ देवनागरीत लिहावं आणि फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करावी.

माझ्या मते यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे प्रत्येक नियमाला वेगळं पान जोडण्याची. परीक्षेच्या काळात बंद ठेवलेलं यूट्यूब आणि व्हायरस पसरवणारी साइट, दोन्हींना एकच ‘प्रवेश नाही’ दाखवणं हा निव्वळ आळस आहे. पहिल्या पानावर ‘संध्याकाळी सहानंतर सुरू’ असं लिहिता येतं. दुसऱ्यावर सावध करता येतं.

अशा पानाचा मजकूर किती महाग पडू शकतो, हे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या चोरट्या प्रती अडवाव्यात म्हणून इरॉस कंपनी न्यायालयात गेली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला आणि तपासलेले पत्तेच अडवायला सांगितले. त्याचबरोबर अडवल्याच्या पानावर कायद्याची कलमं आणि तक्रार कुठे करायची हेही लिहिण्याचा आदेश दिला. आदेश अगदी रास्त होता. पण प्रत्यक्षात आलेल्या पानावर डाउनलोड करण्याबरोबर नुसतं ‘पाहणं’ही गुन्हा ठरवलं गेलं आणि पुढे तीन वर्षांची कैद व तीन लाखांपर्यंतचा दंड लिहिला होता. ऑगस्टमध्ये देशभर घबराट उडाली. नुसती साइट उघडली म्हणून तुरुंग? महिनाअखेरीस न्यायालयाने खुलासा केला की पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री-भाड्याने देणं हा गुन्हा आहे. ते वाक्य काढून टाकायला सांगण्यात आलं. एका टेम्प्लेटमधल्या एका क्रियापदासाठी उच्च न्यायालयाला पुन्हा बसावं लागलं!

त्याच वर्षी इंटरनेटच्या मानकांत ४५१ हा नवा क्रमांक अधिकृत झाला. कायद्याने अडवलेल्या पानासाठी तो आहे, आणि रे ब्रॅडबरीच्या पुस्तकं जाळणाऱ्या जगाच्या कादंबरीवरून घेतला आहे. अडवण्याची मागणी कुणी केली, हे अशा उत्तरात सांगावं अशी त्यात अपेक्षा आहे.

पण पान कितीही नेटकं लिहिलं, तरी आज ते बहुतेकदा दिसतच नाही. जवळजवळ सगळ्या साइट आता ‘एचटीटीपीएस’वर आहेत. अशा साइटसाठी ब्राउझर प्रॉक्सीकडे फक्त एक बंद बोगदा मागतो. प्रॉक्सीने तो नाकारला आणि सोबत आपलं पान पाठवलं, तर ब्राउझर ते फेकून देतो आणि स्वतःचा रुक्ष संदेश दाखवतो. याला कारण आहे: २००९मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलं की असं पान ब्राउझरने स्वीकारलं, तर लबाड प्रॉक्सी बँकेच्या नावाखाली स्वतःचा कोड चालवू शकतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या सुरक्षेसाठीच तुमचं देवनागरी पान गाळलं जातं.

यातून एक वाट आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर कॉलेजचं स्वतःचं प्रमाणपत्र बसवायचं आणि मधेच कूटबद्ध संवाद उघडायचा. मग पान दिसेल, पण विद्यार्थ्यांचे पासवर्डही प्रॉक्सीला उघडे होतील. चार ओळींच्या सूचनेसाठी मी हा सौदा करणार नाही. लॅबच्या दारावर नियमांचा कागद लावावा आणि खाली व्यवस्थापकाचा नंबर लिहावा.