बावीस वर्षांचा लेफ्टनंट आणि त्याने सांगून ठेवलेली कामं

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, किंवा एसटीत रेंज गेल्यामुळे अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढला आहे.

२६ जुलै आला की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला कारगिल येतं. गणवेशातला एक हसरा तरुण, मागे तिरंगा, सोबत एखादं गाणं. चोवीस तासांनी स्टेटस जातं, आणि त्याबरोबर तो तरुणही जातो. नावं विचारली तर बऱ्याच जणांना विक्रम बत्रा आठवतो, तोही सिनेमामुळे.

म्हणून आज एकाच अधिकाऱ्याबद्दल बोलूया. लेफ्टनंट विजयंत थापर. राहायला नोएडाचा. आपल्या कुरुंदवाडशी त्याचं काही नातं नाही. पण आपल्याला कुणाची आठवण कशी ठेवायची असा प्रश्न पडत असेल, तर त्याचं उत्तर या मुलाने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि हो, त्याला मी 'तो' म्हणतोय, कारण तो तुमच्यातल्या अनेकांच्याच वयाचा होता.

इतकी लहान वयं का?

कारगिलमध्ये भारताचे ५२७ जवान आणि अधिकारी गेले. त्यातल्या काही अधिकाऱ्यांची वयं बघा. विक्रम बत्रा २४, मनोजकुमार पांडे २४, अनुज नय्यर २३, सौरभ कालिया २२. विजयंतही २२.

याचं कारण डोंगरातल्या लढाईत आहे. शत्रू वर, दगडी बंकरमध्ये बसलेला. आपण खाली. सपाट मैदानात वळसा घालून जाता येतं, पण कड्यावर वाट एकच, तीही कधीकधी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढी अरुंद. मागे शंभर जण असले तरी गोळीच्या समोर पहिले चार-पाचच असतात. त्यात नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सरकारचा निर्णय होता, त्यामुळे मागून जाऊन शत्रूची रसद तोडायचा मार्गही बंद. समोरूनच चढायचं. पंधरा हजार फुटांवर हवा इतकी विरळ की पाठीवर ओझं घेऊन वीस पावलं चाललं तरी छाती फुटते. पन्हाळा चढताना लागणारा दम इथे मोजायचाच नाही.

अशा वेळी तीसेक जवानांच्या प्लाटूनला पुढे नेतो तो तिचा कमांडर. आणि प्लाटून कमांडर म्हणजे बहुतेक वेळा नुकताच अकादमीतून आलेला लेफ्टनंट. 'पुढे व्हा' म्हणायचं नसतं, 'माझ्या मागे या' म्हणायचं असतं. वयं लहान दिसतात ती म्हणून.

२८ जूनची रात्र

विजयंतचं नाव 'विजयंता' या भारतीय रणगाड्यावरून ठेवलेलं. वडील कर्नल, त्याच्या आधीच्या पिढ्याही फौजेत. डिसेंबर १९९८ मध्ये तो 'सेकंड राजपुताना रायफल्स'मध्ये दाखल झाला. जूनमध्ये याच पलटणीने तोलोलिंग जिंकलं. त्यानंतर त्यांच्याकडे 'थ्री पिंपल्स' भागातली नोल ही टेकडी आली.

त्या रात्री पौर्णिमा होती. आपल्याला पौर्णिमा म्हणजे चांदणं, नरसोबाच्या वाडीची गर्दी. उघड्या कड्यावर चढणाऱ्याला मात्र पौर्णिमा म्हणजे शत्रूला स्पष्ट दिसणं. हल्ल्यासाठी जमत असतानाच तोफगोळे पडले, माणसं गेली, वेळ गेला. तरीही कंपनी पुढे सरकली आणि सर्वांत पुढे विजयंतची प्लाटून होती. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या डोक्याला गोळी लागली.

त्याच लढाईत त्याचे कंपनी कमांडर मेजर पद्मपाणी आचार्य गेले. नागालँडचे कॅप्टन केंगुरुसे गेले, जे कड्यावर पकड मिळावी म्हणून बूट काढून अनवाणी चढले होते. टेकडी मात्र ताब्यात आली. विजयंतला मरणोत्तर वीरचक्र मिळालं. त्याची नोकरी झाली होती साडेसहा महिन्यांची.

पत्रातली कामं

हल्ल्याआधी त्याने घरी एक पत्र लिहून ठेवलं होतं. परत आलो नाही तरच द्यायचं, असं. या पत्राच्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. त्यात शौर्याच्या ओळी उचललेल्या असतात. पण मला त्यातली कामांची यादी जास्त महत्त्वाची वाटते.

एक, शरीरातला जो अवयव कुणाच्या उपयोगी येईल तो द्या. दोन, अनाथाश्रमाला थोडे पैसे द्या. तीन, काश्मीरमधल्या एका लहान मुलीला दरमहा पन्नास रुपये देत राहा. कुपवाड्याला असताना त्याची तिच्याशी ओळख झाली होती. तिच्या वडिलांना अतिरेक्यांनी मारलं होतं. चार, पलटणीत येणाऱ्या नव्या पोरांना इथे काय झालं ते सांगा. पाच, जमलं तर आम्ही जिथे लढलो ती जागा येऊन बघा.

पुतळा मागितलेला नाही. चौकाला नाव मागितलेलं नाही. बावीस वर्षांचा मुलगा मरणाच्या आदल्या तासांत पन्नास रुपयांचा हिशेब लावून जातोय, कारण ते पैसे थांबले तर एका मुलीचं अडणार आहे. त्याचे वडील, कर्नल व्ही. एन. थापर, त्यानंतर वर्षानुवर्षे द्रासला जात राहिले. उतारवयात ते त्या टेकडीवरही चढून गेले.

आपल्याकडे काय?

आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांत देवळाबाहेर वीरगळ दिसतात. खाली लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंग. कुणीतरी गावासाठी पडला हे दगड सांगतो. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. आपण शेंदूर लावतो, नारळ फोडतो, आणि तो कोण होता ते सांगू शकत नाही. डिजिटल फ्लेक्सचं आणि स्टेटसचंही तेच होऊ शकतं.

याउलट एक उदाहरण. विलेपार्ल्याचे कॅप्टन विनायक गोरे १९९५ मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल तिथे आहे. पण त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी पुलावर थांबून चालणार नाही हे ओळखलं. सैन्य म्हणजे काय, सैनिक कसा जगतो, हे मराठी मुलांना कळावं म्हणून त्या पुस्तकं लिहीत राहिल्या, व्याख्यानं देत राहिल्या. विजयंतच्या यादीतलं चौथं काम, दुसऱ्या एका घरात.

आपल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. फौजींचं गाव म्हणून त्याच्या नावातच 'सैनिक' आलंय. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं तर आपल्या प्रत्येक गावात आहेत. म्हणजे हा विषय द्रासपुरता नाही, आपल्या गल्लीतला आहे.

तर यंदा स्टेटस जरूर ठेवा. पण त्याआधी तीन गोष्टी करा. फोटोतल्या माणसाचं नाव, पलटण आणि तारीख तपासून लिहा. आपल्या गावातून कोण गेलं होतं, ते एखाद्या माजी सैनिक आजोबांना विचारा आणि त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवा; ती पिढी फार दिवस राहणार नाही. आणि गावात एखादं असं घर असेल, तर २६ जुलै सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिथे जा. पेन्शनचा ऑनलाइन फॉर्म, बँकेचं केवायसी, दवाखान्याची फेरी, काहीतरी अडलेलं असतंच. हार घेऊन गेला नाहीत तरी चालेल.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या गावातलं नाव आम्हाला नक्की कळवा.