खुर्चीत बसून ‘उभ्याने’ नेमबाजी? अवनी लेखराच्या दोन सुवर्णपदकांमागचा खेळ नेमका कसा असतो?

३० ऑगस्ट २०२४. पॅरिस पॅरालिंपिकमधल्या महिलांच्या १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी. २३ शॉट झाले होते, एक उरला होता आणि दक्षिण कोरियाची ली युनरी ०.८ गुणांनी पुढे होती. नेमबाजीच्या या पातळीवर एका शॉटमध्ये ०.८ भरून काढणं जवळपास अशक्य मानलं जातं. शेवटच्या शॉटला अवनी लेखराने १०.५ मारले आणि लीच्या स्क्रीनवर आकडा आला ६.८. अवनीचे २४९.७, लीचे २४६.८. टोकियोनंतर सलग दुसऱ्यांदा सुवर्ण अवनीकडे आलं. पॅरालिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

आता एक गंमत बघा. या स्पर्धेचं अधिकृत नाव आहे ‘आर-२, महिला १० मीटर एअर रायफल स्टँडिंग, एसएच-१’. स्टँडिंग म्हणजे उभ्याने. पण अवनी तर व्हीलचेअरवर आहे. मग हे उभं राहणं कुठून आलं?

‘उभं’ म्हणजे काय?

रायफल नेमबाजीत उभ्याने, गुडघ्यावर आणि झोपून अशा तीन पद्धती असतात. पॅरा नेमबाजीत तिन्ही नावं तशीच ठेवली आहेत. बसून खेळणाऱ्यांसाठी फक्त कोपरांचा हिशोब बदलतो. ‘झोपून’ प्रकारात समोरच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकवता येतात. ‘गुडघ्यावर’ प्रकारात एकच. आणि ‘उभ्याने’ प्रकारात एकही नाही. रायफल किंवा हात, काहीच टेबलाला लागता कामा नये. म्हणजे ती साडेपाच किलोपर्यंतची रायफल स्वतःच्याच शरीराच्या जोरावर स्थिर धरायची.

हे किती अवघड असतं? खुर्चीत बसून एखादी जड वस्तू दोन्ही हातांनी समोर धरून बघा. आपल्या नकळत पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताठ होतात, पाय जमिनीवर रोवले जातात. मणक्याला इजा झालेल्या खेळाडूच्या शरीरात यातलं बरंच काही चालत नाही. पाय तर नाहीतच, आणि इजा जितकी वर, तितकी धडावरची पकडही कमी. म्हणून खेळाडूची तपासणी होऊन त्याला खुर्चीच्या पाठीला टेकता येईल का, आणि ती पाठ किती उंच असावी, हे ठरवलं जातं. ‘एसएच-१’ म्हणजे रायफलचं वजन स्वतःच्या हातांनी पेलू शकणारे खेळाडू. ज्यांना हातांमुळे ते शक्य नाही ते ‘एसएच-२’ गटात येतात, त्यांना रायफलसाठी स्प्रिंगचा स्टँड मिळतो.

लक्ष्याबाबत मात्र कसलीच सवलत नाही. अंतर १० मीटर, मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एका शॉटचे जास्तीत जास्त गुण १०.९. अवनीचा तो १०.५ केंद्रापासून साधारण एक मिलिमीटरवर होता आणि लीचा ६.८ साधारण एक सेंटिमीटरवर. एका सेंटिमीटरने सुवर्ण गेलं!

ऑलिंपिकशी तुलना केली तर?

पॅरिसच्या दोन्ही स्पर्धांमधली नेमबाजी प्रत्यक्षात फ्रान्समधल्या शातोरू इथल्या एकाच रेंजवर झाली. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर रायफलला बान ह्यो-जिन आणि हुआंग यूटिंग या दोघींचे २५१.८ गुण झाले आणि निकाल शूट-ऑफवर लागला. महिनाभराने अवनीने मारले २४९.७. फरक २.१ गुणांचा. २४ शॉटमध्ये वाटला तर प्रत्येक शॉटमागे ०.१ पेक्षाही कमी. बसून आणि उभं राहून खेळणं सारखं नसतं, त्यामुळे ही तुलना ताणू नये हे मान्य. पण पॅरा खेळाडूचं कौतुक फक्त ‘जिद्द’ म्हणून करणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघायला हरकत नाही.

ती इथवर कशी आली?

अवनी जयपूरची. २०१२ मध्ये मोटार अपघातात मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. २०१५ मध्ये वडील तिला रेंजवर घेऊन गेले. तिने आधी धनुर्विद्याही करून पाहिली, पण रायफल जास्त भावली. अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र वाचून आपण हा खेळ मनावर घेतला, असं ती सांगते. पुढे तिला घडवणाऱ्या प्रशिक्षकांमध्ये पनवेलमध्ये अकादमी चालवणाऱ्या सुमा शिरूर आहेत, ज्या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी खेळल्या होत्या.

टोकियोत २०२१ साली १९ वर्षांच्या अवनीने २४९.६ गुणांसह सुवर्ण जिंकलं आणि चार दिवसांत ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यही मिळवलं. त्याच वर्षी खेलरत्न, पुढच्या वर्षी पद्मश्री.

पण या मधल्या काळात रेंजबाहेरही काही घडत होतं, आणि मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जून २०२२ मध्ये शातोरूच्याच विश्वचषकाला निघायच्या तोंडावर सोबत जाणाऱ्या आईचा आणि प्रशिक्षकाचा व्हिसा हातात नव्हता. अवनीने ही अडचण जाहीरपणे ट्विटरवर मांडली. व्हीलचेअरवरच्या खेळाडूसाठी मदतनीस ही चैन नसते, खुर्ची आणि रायफलइतकीच ती गरज असते. अखेर ती खेळली आणि २५०.६ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेऊन आली.

पॅरिसच्या वर्षी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, सरावात खंड पडला. सुवर्ण आलं, पण थ्री पोझिशनमध्ये ती पाचवी आली. स्त्री-पुरुष एकत्र खेळतात त्या ‘झोपून’ प्रकारात तर अंतिम फेरीही हुकली. या दोन निकालांची चर्चा फारशी झाली नाही.

त्याच पॅरिसच्या अंतिम फेरीत भारताच्या मोना अगरवालने २२८.७ गुणांसह कांस्य मिळवलं, म्हणजे एका व्यासपीठावर दोन भारतीय. चौथ्या क्रमांकाच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. नियम असा की १२ शॉटनंतर दर दोन शॉटला शेवटचा खेळाडू बाद होतो. टोकियोत अवनीने सुवर्ण जिंकलं त्याच दिवशी पुरुषांच्या गटात कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर अंतिम फेरीत होता. २० शॉट झाले, त्याचे गुण होते २०३.९, आणि पदकासाठी उरलेल्या तिघांना रेंजवर सोडून त्याला थांबावं लागलं.