दौंडच्या बाजूसहि लोकल हवी

पुणें ते लोणावळें लोकल इ. स. १९७८ पासून धावत आहे. दौंडच्या बाजूस दीडशें वर्षांहून जुना लोहमार्ग असून २०१७ सालीं त्यावर विजेच्या तारा आल्या. तरी मांजरी, उरुळी, यवत, केडगांव या बागाइती पट्ट्याच्या वांट्यास मोजक्याच गाड्या येतात. नवा रस्ता म्हटला कीं मोजणीची सांखळी उसाच्या फडांतून फिरते. असलेल्याच रुळांवर सकाळसंध्याकाळ लोकल वाढविल्यास कोणाचा एक गुंठाहि जावयाचा नाहीं. पुढें जादा मार्ग घालणें पडलेंच, तर मोबदल्याचा निकाल आधीं लागावा, माती मागाहून पडावी. मुंबईच्या लोकलला मालाचा डबा असतो. तसा येथेंहि भाजीच्या पाट्या व दुधाचे कॅन यांसाठीं राखावा, असा आमचा आग्रह आहे. फलाटांची उंची वगैरे बाबी अभियंते पाहतीलच.