लाल विंचवाचे विष : घटक, शारीरिक परिणाम व उपचार

प्रस्तावना :
कोकणासह महाराष्ट्रात आढळणारा लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस) हा जगातील घातक विंचवांपैकी एक मानला जातो. दंश झाल्यावर 'विंचू उतरविण्या'ची प्रथा ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ होती. वेदना शमली म्हणजे विष उतरले, ही त्यामागील समजूत होय. विषाच्या कार्यपद्धतीच्या आधारे तिची तपासणी करणे आवश्यक ठरते.

विषाचे घटक :
विंचवाच्या विषातील प्रमुख घटक म्हणजे चेतासंस्थेवर कार्य करणारी लहान पेप्टाइडे होत. चेतापेशीच्या पटलावरील सोडियम मार्गिका संदेश निर्माण होताच उघडते व क्षणार्धात बंद होते. अल्फा वर्गातील विषे हे बंद होणे लांबवितात. याच विंचवाच्या विषातून मिळालेले आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड विशिष्ट पोटॅशियम मार्गिका अडविते. परिणामी चेतापेशींची उत्तेजना लांबते.

शारीरिक परिणाम :
प्रारंभी परानुकंपी चेतासंस्था उद्दीपित होऊन वांती, लाळ व विपुल घाम ही लक्षणे दिसतात. त्यानंतर अनुकंपी चेतासंस्थेतून अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण येतो. गंभीर अवस्थेत फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवू शकतो. येथे एक बाब लक्षणीय आहे. तीव्र स्थानिक वेदना असूनही अनेक रुग्णांत अन्य लक्षणे उद्भवत नाहीत. उलट गंभीर रुग्णास वेदना अल्पही असू शकते. यास्तव वेदना हे धोक्याचे विश्वसनीय मोजमाप नव्हे.

उपचार :
महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा वापर पुढे आणला. हे औषध रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींना रोधून त्यांचे आकुंचन कमी करते. मात्र ते विषाच्या परिणामावर मात करते, विष निष्प्रभ करीत नाही. ते कार्य प्रतिविषाचे होय. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण केवळ प्राझोसिन दिलेल्या गटात २२.९ टक्के, तर प्रतिविषाची जोड दिलेल्या गटात ९१.४ टक्के आढळले.

समारोप :
वेदना थांबण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ हाच उपचाराचा मोलाचा वेळ असतो. घाम, वांती व गार पडलेले हातपाय ही लक्षणे ओळखून रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे, हाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत तो पोहोचविण्यात महाविद्यालये मोलाचा वाटा उचलू शकतात.