35 तासांचा आठवडा

स्टुटगार्टच्या नोकरीच्या करारपत्रात पगाराच्या आकड्याच्या जरा वर एक ओळ होती : कामाचे तास, आठवड्याला 35. 2024 च्या ऑक्टोबरात मी इथे आले. आता 2025 चा ऑक्टोबर संपत आला आहे, आणि वर्ष कसं गेलं असं कोणी विचारलं की मला त्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते. थंडी, परकी भाषा, घर शोधताना होणारी दमछाक, परदेशी नागरिकांच्या कचेरीत तारीख मिळण्याची वाट पाहणं हे सगळं झालं. देश सोडून आलेल्या प्रत्येकाला ते थोड्याफार फरकाने सोसावं लागतं. त्या एका ओळीने मात्र माझा दिवस बदलला, आणि माझ्या वडिलांच्या आयुष्याकडे बघण्याची माझी नजरही बदलली.

मी मोटारींच्या सुट्या भागांच्या गुणवत्तेचं काम करते. त्याआधी बरीच वर्षं चाकणला होते. तिथला दिवस सकाळी कंपनीच्या बसने सुरू व्हायचा आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर पुन्हा सुरू व्हायचा, कारण जर्मनीतल्या लोकांशी बोलणं तेव्हाच व्हायचं. जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडणं घरात कोणालाच वेगळं वाटत नसे. मला ही बढतीची पायरी वाटत होती.

इथे तासांचा हिशेब पैशांच्या हिशेबासारखा चोख ठेवतात. प्रत्येकाचं वेळेचं खातं असतं. 35 च्या वर काम झालं तर ते तास खात्यात जमा होतात, पुढे सुटी म्हणून काढता येतात. कायद्याने दिवसाचं काम आठ तासांचं, फार तर दहा. आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत 11 तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे. शनिवारी जादा काम काढायचं असेल तर व्यवस्थापनाला आधी कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाची, म्हणजे बेट्रिब्सराटची, संमती लागते. सुरुवातीच्या दिवसांत मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचे. एकदा विभागप्रमुख टेबलापाशी आले आणि आता घरी जा म्हणाले. मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला. माणूस चांगला आहेच, पण मी दहा तासांची मर्यादा ओलांडली असती तर जाब त्यांना द्यावा लागला असता, हे मला नंतर कळलं. मला त्यात जास्त आधार वाटला. चांगला साहेब बदलून जातो, कायदा तिथेच राहतो.

फेब्रुवारीत तापाने झोपले. डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती लिहून दिली आणि कार्यालयातून निरोप आला की या काळात ईमेलसुद्धा बघायची नाही. आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाने द्यायचा असा इथला कायदा आहे. शिवाय हक्काच्या रजेवर असताना माणूस आजारी पडला आणि डॉक्टरांचा दाखला असला, तर तेवढे दिवस रजेतून वजा होत नाहीत. हे फोनवर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आजारपण माणसाचं, आणि खाडा मालकाचा?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

अण्णा गिरणी कामगार. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी बरीच वर्षं बदली म्हणून रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर काम मिळायचं. मग कधीतरी कायम झाले. त्यामुळे खाडा हा शब्द त्यांच्या तोंडून येतो तेव्हा त्यात बरंच काही असतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात ते होते. मी त्या संपानंतर जन्मले, पाटण तालुक्यातल्या गावी. आमच्या घरात संपाचा विषय निघायचा तो एखाद्या मयतासारखा, दबक्या आवाजात. मोठी होईपर्यंत माझ्या मनात पक्कं बसलं होतं की संप म्हणजे घराची राखरांगोळी.

म्हणूनच खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी झालेलं बोलणं मला या वर्षातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ते निवृत्त टर्नर आहेत. आमच्या इमारतीत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी घराघरांत फिरते. स्वाबियन लोकांची ही जुनी रीत, पाळी ज्याची त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी माझ्याकडून त्यांच्याकडे जाताना आमची ओळख झाली. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं होतं, ते सावकाश बोलायचे. एकदा मी म्हटलं की जर्मन माणूस कामात इतका शिस्तीचा, म्हणून तर 35 तासांत काम उरकतो. आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. मीही तेच ऐकत आले होते. त्यांनी मान हलवली. शिस्तीने काही मिळालं नाही, म्हणाले, आम्ही फाटकावर उभे होतो. मग आत जाऊन त्यांनी एक बिल्ला आणून दाखवला. त्यावर सूर्य होता आणि 35 हा आकडा.

तो बिल्ला 1984 च्या संपातला. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत बेकारांची संख्या वीस लाखांच्या वर गेली होती. धातुकामगारांच्या ईगे मेटाल या संघटनेचं म्हणणं असं, की पगार न कापता प्रत्येकाचे तास कमी केले तर तेच काम जास्त हातांत वाटलं जाईल. तेव्हा आठवडा 40 तासांचा होता. मालकांच्या संघटना ठाम विरोधात होत्या, आणि चॅन्सलर हेल्मुट कोल यांनीही ही मागणी मूर्खपणाची ठरवली होती. 1984 च्या मे महिन्यात संप सुरू झाला तो याच भागात, स्टुटगार्टच्या आसपास. संघटनेने आधी मोटारींच्या मोठ्या कारखान्यांना हात लावला नाही. सुटे भाग बनवणारे मोजके कारखाने निवडून तिथली माणसं बाहेर काढली. मोटार कारखान्यांत सुट्या भागांचा साठा फार दिवसांचा नसतो; थोड्याच दिवसांत देशभरातले कारखाने थांबू लागले. मालकांनी टाळेबंदीने उत्तर दिलं. सात आठवड्यांनी गेओर्ग लेबर यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. लेबर पूर्वी स्वतः कामगार नेते होते, नंतर संरक्षणमंत्रीही झाले. हाती आले साडेअडतीस तास. पस्तीसचा आकडा गाठायला आणखी अकरा वर्षं लागली. ऑक्टोबर 1995 मध्ये तो पूर्ण झाला.

या सगळ्यात शेजाऱ्यांना आठवतात ती पहाटेची थंडी आणि फाटकावर वाटलं जाणारं गरम सूप. संघटना दर आठवड्याला संपाचा भत्ता देत होती, आणि तो वर्गणीतून वर्षानुवर्षं साठलेल्या पैशांतून येत होता. घरात तंगी होती, पण उपासमार नव्हती. मी त्यांना मुंबईबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांना किती मिळालं? मी म्हटलं, काहीच नाही. संप मागे घेतल्याचं कोणी रीतसर जाहीरही केलं नाही. तो विरत गेला, गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या.

त्यानंतर मी अण्णांना फोनवर जितके प्रश्न विचारले तितके उभ्या आयुष्यात विचारले नव्हते. संपाच्या काळात खाल्लं काय? गावाकडून ज्वारी-तांदूळ आले, आईचे डाग मोडले, मग तेही संपलं आणि खोली बंद करून सगळे गावी आले. संघटनेचा फंड? "आमच्याकडं कसला फंड? आमचं गाव हाच आमचा फंड," असं म्हणाले. कायदाही आड येत होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी उद्योगात मालकांशी बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता; कामगार ज्यांच्या मागे उभे होते त्या सामंतांशी वाटाघाटी करायला सरकार आणि मालक बांधील नव्हते. आणि गिरणी बंद राहिल्याने मालकांचं अडतही नव्हतं, कारण कापड यंत्रमागांवर निघू लागलं होतं. स्टुटगार्टमध्ये सुट्या भागांचे थोडे कारखाने थांबले आणि सगळा उद्योग अडला. मुंबईत सगळ्या गिरण्या थांबल्या तरी बाजारात कापड होतंच. अण्णांची पिढी धीराने कमी पडली असं माझ्या मनात कुठेतरी होतं, ते या वर्षात पार पुसलं गेलं. इथली माणसं सात आठवडे उभी राहिली. अण्णा दीड वर्ष उभे होते.

इथल्या रविवारबद्दलही लिहायला हवं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. शहर दरीत वसलेलं, चहूबाजूंनी द्राक्षाचे मळे आणि टेकड्या, आणि टेकडीवर चढणारे चारशेहून अधिक दगडी जिने. हिवाळ्यात साडेचारला अंधारून यायचं तेव्हा हा रविवार मला खायला उठायचा. वसंतात मी जिने चढायला लागले आणि तो आवडू लागला. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचं संरक्षण आहे, हे कार्यालयातल्या एकाने अभिमानाने सांगितलं तेव्हा मी त्याला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल सांगितलं. जोतिरावांच्या सत्यशोधक विचारातून घडलेले, 'दीनबंधु'चे संपादक असलेले लोखंडे. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, आणि 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. याच स्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला तो 1906 मध्ये, त्याच्याही नंतर. कामाचे तास मागण्याची अक्कल आपल्याला युरोपाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. आपण ती आपल्या पोरांना शिकवली नाही, एवढंच.

मात्र या 35 तासांची एक बाजू मला वर्षभर टोचत राहिली. इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नेमकी त्याच वेळी आमची रोजची बैठक असायची. पडद्यावर माझे जुने सहकारी दिसत. कोणाच्या मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आहे, कोणी मुलाला खुणेने गप्प करतं आहे. बैठक संपली की मी तासाभरात घरी जायचे, आणि आम्ही इथून सोपवलेलं काम ती माणसं रात्री पूर्ण करून ठेवायची, म्हणजे सकाळी आम्हाला ते तयार मिळेल. कंपनी तीच, सुटा भाग तोच. तासांची राखण मात्र सरहद्दीपाशी संपते. प्रत्यक्षात ती त्याच्याही अलीकडे संपते : पूर्व जर्मनीत याच संघटनेने 2003 मध्ये 35 तासांसाठी संप केला, तो फसला. आम्ही पाचला उठतो, त्या उठण्याला पुण्यातल्या कोणाची तरी रात्र टेकू देते आहे, हे दिसूनही न बोलणं मला जमेना.

त्यात यंदा दोन्हीकडचे वारे फिरले. इथे मोटारउद्योग अडचणीत आहे. सप्टेंबरमध्ये बॉशने हजारो नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली, आणि या खोऱ्यात असं घर विरळा ज्याचं कोणी ना कोणी मोटारींवर पोट भरत नाही. नव्या सरकारच्या करारात रोजच्या आठ तासांऐवजी आठवड्याची मर्यादा ठेवण्याचं कलम आहे. कॅन्टीनमध्ये त्यावर तावातावाने बोलणं चालतं. त्याच सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर नेण्याला मंजुरी दिली. ही बातमी मी अण्णांना सांगण्याआधीच त्यांनी वाचली होती. आठवड्याचे तास वाढणार नाहीत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं त्यात म्हटलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बदलीवाल्याची संमती कोण इचारतो?" मला उत्तर सुचलं नाही. चाकणला कंत्राटी कामगार किती असतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उन्हाळ्याच्या सुटीआधी मी बैठकीची वेळ बदलण्याचं पत्र लिहिलं. इथे सकाळी साडेआठला बैठक घेतली तर पुण्यात उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात एक वाजलेला असतो. विभागप्रमुखांनी हरकत घेतली ती एवढीच, की आमचा सकाळचा शांत वेळ जाईल. बेट्रिब्सराटच्या बाईंकडे गेले. भारतातल्या कर्मचाऱ्यांच्या तासांवर आमचा अधिकार चालत नाही, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं. तरीही इथल्या लोकांची बैठक कधी ठेवायची यावर बोलता येईल म्हणाल्या, आणि खरंच बोलल्या. सप्टेंबरपासून रोजची बैठक सकाळी होते. पुण्यातल्या एका मैत्रिणीने पहिल्या आठवड्यानंतर कळवलं की ती आता संध्याकाळी मुलीला पोहायला घेऊन जाते. रात्री काम पूर्ण करून ठेवण्याची अपेक्षा अजून गेलेली नाही. ती कोणत्या कागदावर लिहिलेलीही नाही, त्यामुळे ती हटवायला कोणाकडे जायचं हे आधी शोधावं लागेल.

करार आणखी एका वर्षाने वाढला आहे. ईगे मेटालची सभासद झाले, पगाराच्या एक टक्का वर्गणी जाते. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फंडात किती पैसे आहेत याचा.