चेन सॉ गरम झाली की चालूच होत नाही? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

सकाळी चेन सॉ दोन-तीन झटक्यांत चालू होते. टाकीभर पेट्रोल संपेपर्यंत काम मस्त चालतं. मग पेट्रोल भरायला मशीन बंद केली की संपलं! दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात, मजूर बसून राहतात. मेकॅनिककडे न्यावी तर तोवर मशीन निवते आणि तिथे लगेच चालू होते. म्हणून हा बिघाड मशीन गरम असतानाच शोधावा लागतो.

१. चोक ओढू नका
सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चोक फक्त थंड मशीनसाठी असतो. गरम मशीनला चोक दिला की पेट्रोल जास्त जातं आणि प्लग ओला होतो. असं झालं तर स्विच बंद करा, प्लग काढून कोरडा पुसा आणि प्लग बाहेर असतानाच सहा-सात वेळा दोरी ओढा. आतलं जादा पेट्रोल निघून जाईल. प्लग बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसा आणि चोक न देता चालू करून बघा.

२. करंट येतो का बघा
प्लग कोरडा असूनही मशीन चालू होत नसेल तर करंट तपासा. त्यासाठी प्लग आणि त्याच्या टोपीच्या मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर वापरा. दोरी ओढल्यावर टेस्टरचा दिवा लागला पाहिजे. गरम असताना दिवा लागत नाही आणि निवल्यावर लागतो, असं असेल तर संशय कॉइलवर घ्या. अशा वेळी कार्बोरेटर बदलून पैसे वाया जातात.

३. करंट आहे, तरी चालू होत नाही?
मग उष्णता बाहेर पडते का बघा. सिलिंडरच्या पात्यांमध्ये भुसा अडकला की मशीन जास्त तापते आणि कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाफ होते. मशीन निवल्यावर पाती आणि एअर फिल्टर साफ करा. जोराचं काम झाल्यावर एकदम बंद न करता थोडा वेळ हळू चालू ठेवा, मग बंद करा.

४. दोरी हलकी लागते का?
गरम असताना दोरी नेहमीपेक्षा सहज ओढली जात असेल तर पिस्टन-रिंग झिजलेली असू शकते. ऑइल कमी पडल्यानेही हे होतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा. ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली.

हे विसरू नका
तापलेल्या मशीनच्या टाकीचं झाकण लगेच उघडू नका. आत दाब असतो, पेट्रोल अंगावर उडून पेट घेऊ शकतं. मशीन निवू द्या, मग झाकण हळूहळू सैल करा. बिडी-सिगारेट लांब ठेवा. चालू करताना मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा आणि मागच्या मुठीत पाय रोवा. हातात लोंबकळत धरून झटका मारू नका.

मेकॅनिककडे गेलात तर नुसतं “चालू होत नाही” म्हणू नका. “गरम असताना करंट नव्हता” किंवा “करंट होता, पण प्लग ओला होता” असं सांगा. तुमचं काम आणि पैसे दोन्ही वाचतील.