पानातली खिडकी मोबाईलवर उघडत नाही! दिवाळी अंक म्हणजे काय, घ्या समजून

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयात गेलो. दिवाळी अंकांचा गठ्ठा जसा आला तसाच टेबलावर पडलेला. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराला विचारलं, तर म्हणाला, "काका, सगळं मोबाईलवर मिळतंय की." सगळं मिळत नाही. का, ते बघू.

सुरुवात कधी झाली?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथून धरतात. कथा, कविता, लेख, चित्रं असा फराळच म्हणा. पुढे चित्रकार दीनानाथ दलाल यांच्या 'दीपावली'सारख्या अंकांनी मुखपृष्ठालाही मान मिळवून दिला. लोक चित्रासाठीही अंक जपून ठेवायचे.

आपल्या गावाचा काय संबंध?

कथा एका बैठकीत वाचून होते. कादंबरीला फुरसत लागते, ती शेतकऱ्याकडे कुठली? रात्रीची लाईट यायची वाट बघत मोटारीजवळ बसून मी कितीतरी कथा वाचल्यात. आणि या कथा शहरातल्याच असतात असं नाही. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी आपलीच माणसं, आपलीच बोली कथेत आणली.

खिडकी म्हणजे काय?

१९५१ साली मधुकर पाटकर यांनी 'आवाज' हा विनोदी अंक सुरू केला. त्यातली खिडकी-चित्रं घरोघरी गाजली. पानावर एक चित्र असतं आणि त्यात चौकोन कापलेला असतो. त्या चौकोनातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो. दोन्ही मिळून आपल्या मनात भलतंच काहीतरी येतं. पान उलटलं की पूर्ण चित्र दिसतं, आणि प्रकार अगदीच साधा निघतो! चित्रकार आपल्याच मनाची चोरी पकडतो.

हे सोपं काम नाही. दोन चित्रं एकमेकांच्या मापात काढायची, कागद नेमका तिथेच कापायचा, बांधणीत पान सरकू द्यायचं नाही. थोडं जरी हुकलं तरी विनोद गेला.

मग मोबाईलवर का नाही?

मोबाईलवर कथा वाचता येईल, पण त्या पानाचा फोटो काढला तर खिडकी नुसता चौकोन उरते. ती गंमत कागदात आणि आपल्या बोटात आहे.

आता काय करायचं?

राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. त्या पैशाचा उपयोग आपणच करायचा. आमच्याकडे यंदा बैठकीत प्रश्न निघाला, "कुणी वाचत नाही, तर अंक घ्यायचे कशाला?" चूक त्यांची नाही. नोंदवहीत नावंच नाहीत. एकदा अंक बंद झाले की परत सुरू करणं अवघड.

तेव्हा या आठवड्यात वाचनालयात जा, एक अंक घरी आणा, नोंदवहीत सही करा. आधी एक कथा वाचा. पोरांच्या हातात दिलात तर एवढंच सांगा, खिडकी फाडू नका, पुढच्याला बघायचीय.